पारबताची पायली कपाटातून घरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धान मोजणं. पोळा चार दिवसांवर आला होता, घरातला तांदूळ संपत आला होता, म्हणून ढोलीतून धान काढून गिरणीवर न्यायचं होतं. मी पायली भरत होतो, पारबता आकडा बोलत होती. आमच्याकडे तशीच रीत आहे. भरणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं, बोलणाऱ्यानं हात बंद ठेवायचे. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, चार. लग्न झाल्यापासून मी भरत आलो आणि ती बोलत आली. उलटं कधी झालं नाही.

नवव्या पायलीला मी विचारलं, "बैलाच्या झुली कुठं ठेवल्या वो?"

झालं. तिनं कपाळावर हात मारला. "भरणाऱ्यानं बोलू नये म्हून कितीदा सांगू तुमाले? आता आठ झाले होते का नऊ?"

"नऊ."

"तुमी सांगू नका. तुमालेच आठवते, तं मी कायले बसली इथं?"

सगळं पोतं परत ढोलीत ओतायला लावलं. पुन्हा पहिल्यापासून. लाभ.

त्याच संध्याकाळी निशा आली. ही मुलगी गोंदियाच्या मास्तरकीच्या कॉलेजातली. आमच्या गावच्या शाळेत पाठ घ्यायला दोन महिने आलेली, ते त्या दिवशी संपले होते. त्याला आंतरवासिता म्हणतात, हे मला नंतर कळलं. पारबता त्या शाळेत खिचडी शिजवायची. तांदूळ मोजायला घरची पायली न्यायची, भोवती पहिली-दुसरीची पोरं जमवायची आणि त्यांनाच आकडे बोलायला लावायची. निशाला ते फार आवडलं. म्हणाली, "आजी, ही पायली आठ दिवस द्या ना. कॉलेजात दाखवते अन् आणून देते."

मी नको म्हणालो. पारबता म्हणाली, "ने वो बाई. पायलीले काय पाय फुटून रायले?"

ही पायली तिच्या आईची. बिजाच्या लाकडाची, काठाला लोखंडी पट्टी. कामठ्याहून लग्नात आलेली.

तिसऱ्या दिवशी पारबता शाळेतून आली, भिंतीला टेकून बसली, पाणी द्या म्हणाली. मी पाणी घेऊन आलो तोवर संपलं होतं. यापेक्षा जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि तुम्हालाही वाचून काही उपयोग नाही.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. धान कापून, मळून झालं. खळ्यावर रास पडली. आमच्या घरात नव्या राशीतला दाणा पायलीनं मोजल्याशिवाय हलत नाही. पोरगा नागपूरला असतो, तो फोनवर म्हणाला, "बाबा, काट्यावर वजन करा अन् मोकळे व्हा." मी म्हणालो, "तू मोकळाच आहेस, फोन ठेव." रास ताडपत्रीखाली झाकून ठेवली. वर आभाळ, खाली उंदीर, मधे मी.

अशात शाळेच्या मास्तरांनी एक पाकीट आणून दिलं. वर नाव श्रीमती पारबताबाईंचं. शिक्षकांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, तिथं त्यांनी साधनव्यक्ती म्हणून यावं. साधनव्यक्ती! जन्मभर तिला मी बुढी म्हणालो. सोबत तुमचं हे वार्तापत्र होतं. त्यात आमच्या पायलीचा फोटो, खाली लिहिलेलं, "स्थानिक धान्यमापक". बाजूला चौकट. मास्तरांनी ती वाचून दाखवली. "सामान्यतः आढळणारी त्रुटी: ग्रामीण विद्यार्थी 'एक' या अंकाऐवजी अन्य शब्द उच्चारतात. उपाय: अंककार्डांद्वारे सराव."

मी मास्तरांना विचारलं, "त्रुटी म्हणजे?"

"चूक."

"कोणाची?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

मी चवथी शिकलो. तुमच्यातल्या ज्या प्राध्यापकांना त्या दिवशी यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे प्रवासाचं लिहून राहिलो. निशा म्हणाली, जसं बोलता तसं लिहा. तसं लिहिलं तर तुम्ही चौकट काढाल, म्हणून जमेल तेवढं पुस्तकी लिहितो.

सडक अर्जुनी

सकाळी सात वाजता मोठ्या रस्त्यावर येऊन उभा राहिलो. धोतर धुतलेलं, टोपी नवी, खांद्यावर रिकामी कापडी पिशवी. ती पायलीसाठी. दुसऱ्या पिशवीत भात, जवसाची चटणी आणि साळीसाठी, म्हणजे पारबताच्या बहिणीसाठी, वाळलेले झिंगे. ट्रक रायपूरकडून येत होते, नागपूरकडून येत होते, कोणाला थांबायला वेळ नव्हता. चहावाला ओळखीचा.

"काय काका, गोंदियाले? कोर्टात का दवाखान्यात?"

"कॉलेजात."

"अरे वा! ॲडमिशन झाली काय?"

"झाली. बायकोच्या जागेवर."

तो हसता हसता थांबला. त्याला माहीत होतं. चहा मोठ्या गिलासात दिला आणि ढाब्याच्या पोऱ्यावर उगाच ओरडत बसला.

एसटीत खिडकी मिळाली. कोहमाऱ्यापासून पुढं बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या झालेल्या, मधे मधे कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, ओल असलेल्या जागी लाखोरीचं कडधान्य उगवलेलं. आमचं घराणं तळी बांधणाऱ्यांचं. म्हणून मला रस्त्यानं मंदिरं दिसत नाहीत, तळ्याच्या पाळी, म्हणजे बांध, दिसतात. एका पाळीवर बेशरमाची झुडपं इतकी माजलेली की पाळ दिसेना. एका तळ्यात कोणीतरी निळी पाटी लावलेली, "जल हेच जीवन". पाटीच्या खाली पाणी नव्हतं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "काऊन हसून रायले बाबाजी?" मी म्हणालो, "पाटी चांगली रंगवली."

खरं सांगायचं तर मी तुमचाच विचार करत होतो. मला वाटायचं, मास्तर पोरांना शिकवतो, तिथं विषय संपला. पण मास्तरांना शिकवणारे वेगळे असतात, त्यांना शिकवायला आणखी वरून कोणी येतात, आणि या सगळ्यांसाठी बातम्या आणि साहित्याचं वार्तापत्र निघतं, हे म्हातारपणी कळलं. आमच्याकडे तळ्यातून पाणी सोडायच्या दाराला तुडूम म्हणतात. तुडूम उघडला की पाणी पाटात जातं, पाटातून पहिल्या बांधीत, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. शेवटच्या बांधीत किती पोचतं ते शेवटच्या बांधीवाल्याला विचारावं लागतं. तुम्ही कधी विचारता का, माहीत नाही.

गोंदिया

बस ठेसनावर उतरलो की भाषा बदलते. "दादाजी, किधर जाना है?" मी कॉलेजाचं नाव सांगितलं. ऑटोवाल्यानं मला खालून वर पाहिलं. "वहाँ तो टीचर लोग जाते हैं." मी म्हणालो, "आज सुट्टी आहे त्यांना." ऑटोत बसायच्या आधी पोहे खाल्ले. गोंदियाचे पोहे चांगले असतात, वर चण्याची तर्री टाकतात. पण इथं पोह्यांवर शेव इतकी असते की पोहे शोधावे लागतात. पुढं दिवसभर जे ऐकलं ते याच चालीचं होतं.

दारात एक मुलगी यादी घेऊन बसलेली. "नाव?"

"पारबताबाई."

तिनं माझ्या मिशीकडं पाहिलं. "त्या कुठं आहेत?"

"आल्या नाहीत."

"तुम्ही प्रतिनिधी?"

"नवरा."

यादीत नवऱ्याचा रकाना नव्हता. तिनं तिकडं विचारलं, इकडं विचारलं आणि शेवटी जे छापून तयार होतं ते माझ्या गळ्यात घातलं. दोरीला अडकवलेलं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात पारबताचं नाव, खाली "साधनव्यक्ती". मग घाबरून म्हणाली, "आजोबा, बदलून देऊ का?"

"राहू द्या."

एक फोल्डर मिळालं, एक पेन, एक गुलाब. गुलाब टोपीत खोचला.

दिवा लावायचा कार्यक्रम सुरू झाला. वर पंखा फिरत होता. वात पेटे आणि विझे. चार प्राध्यापक हातांचा आडोसा करून उभे, पाचवे काडी ओढत, सहावे फोटो काढत. अर्धी काडीपेटी संपली. मी उठलो, भिंतीजवळ गेलो, पंख्याचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसलो. दिवा लागला. टाळ्या वाजल्या. त्या दिव्याला वाजल्या.

मग एक चष्मेवाले सर बोलले. विषय, कृतीतून आनंददायी शिक्षण. एक तास ते आमच्याकडं पाठ करून पडद्यावरचं वाचत होते. पडद्यावर लिहिलं होतं, "व्याख्यान पद्धती टाळा". मी आजूबाजूला पाहिलं, कोणी हसेल म्हणून. सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसलेले. आमच्या शाळेत पहिलीचं पोरगं असं बसलं तर त्याला उभं करतात.

सर पुढं म्हणाले, आता स्थानिक साहित्याचा एक नमुना. पडद्यावर आमची पायली आली. मी ओळखलीच नाही. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगानं माणसं काढलेली, काड्यांचे हातपाय, तिकोनी पोट, नाचत होती. वारली! आमच्या झाडीपट्टीत वारली कुठून आले? पण तुमच्या कॉलेजात भिंतीवर वारली, माठावर वारली, कचऱ्याच्या डब्यावरही वारली. ते कोणी मागवले होते काय माहीत.

जेवणाची सुट्टी झाली. आलू-वांग्याची भाजी, पोळी, जिलेबी. भात शेवटी, तोही एक चमचा, औषधासारखा. मी वाढणाऱ्या मुलीला म्हणालो, "बाई, आणखी टाक, मी धानवाला माणूस आहे." तिनं वर पाहिलं. निशा होती. तिची नजर माझ्या गळ्यातल्या कार्डावर गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"आजी आल्या? कुठं आहेत? मले वाटलंच होतं येतील म्हून!"

मी म्हणालो, "गेली ती. तू पायली नेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

तिच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मागं रांग लागलेली. एक प्राध्यापक म्हणाले, "चला, पुढं चला." मी त्यांना म्हणालो, "थांबा थोडं, साधनव्यक्ती बोलून राहिले." थांबले.

निशा रडली. मी तिच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, मला ते येत नाही. मी म्हणालो, "रडू नको, पायली दे."

"आजोबा, मी मागितली होती परत. दोनदा. मॅडम म्हणाल्या, कपाटात राहू दे, तपासणी समिती येणार आहे."

"आणि ते भुतं कोणी काढले तिच्यावर?"

ती खाली पाहत म्हणाली, "मीच. आकर्षक करायचं होतं. त्याचे मार्क असतात. उत्कृष्ट मिळालं."

साहित्य कक्ष

ही खोली सगळ्यांनी पाहावी. काचेची कपाटं, आत पोरांनी हाताळायच्या सगळ्या वस्तू, बाहेर कुलूप. मणी, ठोकळे, चिंचोके, बांबूची सुपं, मातीचे बैल. प्रत्येकावर चिठ्ठी. एकावरही पोराचा मळका हात लागलेला नव्हता. एका कपाटात आमची पायली. आत थर्माकोलचे गोळे भरलेले.

"हे काय भरलं तिच्यात?"

निशा म्हणाली, "धान ठेवलं तर उंदीर येतात, म्हून."

माझ्या खळ्यावर रास उंदरांना मोकळी आणि इथं पायली थर्माकोल राखून राहिली.

चावी ज्या बाबूकडं होती ते सुट्टीवर. दुसरी चावी मॅडमच्या टेबलात, टेबलाची चावी मॅडमच्या पर्समध्ये, मॅडम मंचावर. मॅडम म्हणजे या कॉलेजच्या मोठ्या बाई, उंच, केस पांढरे, आवाज खणखणीत. चहाच्या वेळी त्यांना गाठलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, हे मान्य करतो. पारबताचं ऐकून खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "बाबा, एक विनंती करू? पायली इथंच राहू द्या. इथून दरवर्षी किती शिक्षक तयार होतात. सगळे ती पाहतील. पारबताबाईंचं नाव आम्ही पाटीवर लिहू."

खोटं कायले बोलू, मी डगमगलो. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. घराच्या दारावर माझं, शेताच्या कागदावर माझं, शाळेच्या भिंतीवर खिचडीचा तक्ता आहे, त्यात "स्वयंपाकी" एवढंच. नाव होतं ते त्या दिवशी माझ्या गळ्यात, तेही दोरीला.

मी म्हणालो, "सांगतो. आधी तुमच्या पत्रकात माझ्या नावावर दहा मिनिटं लिहिले आहेत, ते द्या. म्हणजे तिच्या नावावर."

माझी दहा मिनिटं

पायली कपाटातून निघाली. थर्माकोल मी खिडकीतून झटकणार होतो, निशानं पिशवीत घेतला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून तांदळाचं पोतं आणवलं, एक रिकामं घमेलं आणवलं. मंचावर खाली बसलो. माईकवाला माईक घेऊन माझ्यामागं वाकून वाकून फिरत होता, त्याला म्हणालो, "तू बस बापू, मला ऐकू येते."

मी पायली भरली, काठावर हात फिरवून सपाट केली आणि चष्मेवाल्या सरांना म्हणालो, "बोला."

"काय बोलू?"

"मोजा."

"एक," सर म्हणाले.

मी पायली परत पोत्यात ओतली. पुन्हा भरली. "बोला."

"एक."

पुन्हा ओतली. सभागृहात हसू फुटलं. सर लाल झाले. "अहो बाबा, एकच आहे ना ती!"

"सर, एकदा झाली की दोनदा, तुम्हीच ठरवा. मी भरणारा आहे, मला बोलायचा हक्क नाही."

तिसऱ्यांदा भरली. मग मागून, दारापासून, निशाचा आवाज आला. "लाभ."

मी पायली घमेल्यात ओतली. दुसरी भरली. "दोन," निशा म्हणाली. "तीन." चौथीला चार-पाच प्राध्यापिका तिच्यासोबत बोलल्या. पाचवी झाल्यावर मी थांबलो.

"किती झाल्या?"

"पाच," सगळे म्हणाले.

"माझ्या गावची पहिलीची पोरंही पाचच म्हणतात. लाभ म्हटल्यावर त्यातलं एकही पोरगं पुढं एक म्हणत नाही, दोनच म्हणते. म्हणजे त्याले माहीत आहे ना लाभ म्हणजे पयला? त्रुटी कोणाची मग? पोरायची का विचारणाऱ्याची?"

(रागात बोली आली. तशीच ठेवा.)

पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "पण बाबा, एक न म्हणण्याचं कारण काय?"

"मी पण विचारलं होतं. नवीन लग्न झालं होतं तेव्हा. ती म्हणाली, पयल्याच पायलीले एक म्हटलं तं एवढ्या मोठ्या राशीचं एकच झालं. मोजणं म्हंजे कमी करणं होय. म्हून पयले चांगलं बोलावं, मग मोजावं. मला ते पटलं नव्हतं. अजून पुरतं पटलं नाही. पण ती होती तोवर रास मोजून कधी मन खट्टू झालं नाही."

दहा मिनिटं झाली असं कोणी तरी बोटानं दाखवलं. मी उठलो. त्यांनी शाल दिली. शाल बायकी होती, फुलांची. बरोबरच होतं, नाव तिचंच होतं.

मॅडमना म्हणालो, "बाई, पाटी नको. तिचं नाव काचेत ठेवून मी घरी काय करू? पायली भरल्याशिवाय लाकूड आहे. माझी रास पडून आहे."

मॅडमनी चावी परत पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "न्या. पण तपासणीला कपाटात ही जागा रिकामी दिसेल. तिथं काय ठेवू?"

"ती चौकट ठेवा. त्रुटीवाली. तुमचीच आहे."

त्या हसल्या. मला वाटलं होतं चिडतील. म्हणाल्या, "चौकट आम्ही दुरुस्त करू. पण बदल्यात एक करा. हा सगळा प्रवास लिहून द्या. जे आले नाहीत त्यांनी वाचलं पाहिजे." म्हणून हे. पायली फुकट सुटली नाही, चवथी शिकलेल्या माणसाकडून इतकी पानं घेऊन सुटली. दुसऱ्या दिवशीची कार्यशाळा मी बुडवली, त्यात काय झालं ते आलेल्यांना विचारा. त्यांना आठवत असेल तर.

कामठा

संध्याकाळी ऑटोनं कामठ्याला गेलो. ऑटोवाल्यानं आरशातून माझ्या छातीवरचं कार्ड वाचलं. "पारबताबाई जी, आगे चौक पे उतरोगे?" मी म्हणालो, "हो." कार्ड काढायचं लक्षातच नव्हतं.

कामठ्याला माझी साळी सुभद्रा राहते, पारबताची धाकटी बहीण. दारातच भाजी निवडत बसली होती. बसा म्हणाली नाही, रडली नाही, आधी कार्ड वाचलं. अक्षरं जुळवत जुळवत वाचली. मग म्हणाली, "भाऊजी, मेल्यावर बाईले कॉलेजात पाठवलं व्हय तुमी? जित्तेपणी तं बजारालेबी एकटी सोडत नव्हते."

खरं होतं. मी पिशवीतून पायली काढली.

"अगो माय! आईची पायली. आन् हे नाचून रायले ते कोन?"

"वारली."

"ते कोन होत?"

"कॉलेजातले."

तिनं घासलेट लावून पाहिलं, राख लावून पाहिली, जवसाचं तेल लावून पाहिलं. रंग पक्का. उत्कृष्ट मार्क मिळालेला रंग असा निघत नाही. एक वारलीण थोडी पुसट झाली, बाकी नाचत राहिले. शेवटी सुभद्रा म्हणाली, "राहू द्या. हात लागून लागून जाईन. आईच्या येळची पट्टीबी अशीच चमकत होती."

जेवायला तिनं मी नेलेलेच झिंगे केले, वांग्यात. एकाच जिल्ह्यात, पण कामठ्याकडं त्यात मिरची पुरेशी टाकत नाहीत. पारबता लग्न होऊन आली तेव्हा तिचं पण असंच होतं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिनं दुसऱ्या दिवशी इतकी मिरची टाकली की मी तळ्यावर जाऊन बसलो. सुभद्राला ते सांगितलं. ती हसली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "रास मोजाले येऊ का मी? तुमी भरान, बोलन कोन?"

"बोलीन मीच."

"भरणाऱ्यानं बोलू नये, भाऊजी."

"माहीत आहे. तिनं जन्मभर तेच सांगितलं. तू कायले सांगतेस?"

तिनं वाद घातला नाही. मला वाटतं, तिला येऊन रडायचं होतं. मला एकट्याला रास मोजायची होती.

घर

परतीच्या रस्त्याचं लिहिण्यासारखं काही नाही. पायली मांडीवर होती. शेजारच्या माणसानं विचारलं, हे डेकोरेशनचं कुठं घेतलं? मी म्हणालो, कॉलेजात मिळते, पण आधी घरून न्यावं लागते.

दुपारी पोचलो. शेजारचा नामदेव कुंपणावरून म्हणाला, "आणली काय बुवा पायली? उंदरं वाट पाहून रायले." मी त्याला फुलांची शाल दाखवली. त्याला आजवर कोणी शाल दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर गेलो. ताडपत्री काढली. राशीच्या एका बाजूला उंदरांनी आपलं मोजून घेतलं होतं, तेवढं सोडून दिलं. ती बसायची तिकडं बसायला रिकामं पोतं टाकलं, उगाच. पायली भरली, हातानं सपाट केली आणि सवयीनं थांबलो. कोणी बोललं नाही. मोठ्यानं बोलायचं धाडस होईना. खळ्यावर एकटा माणूस, समोर पोतं. जन्मात तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता, तो नेहमी तिकडून यायचा. मग म्हटलं. लाभ. आवाज फाटला, पण म्हटलं.

दोन. तीन. चार. पुढं बरं जमायला लागलं. अकरा-बारापर्यंत आलो आणि मला आठवलं की झुली कुठं ठेवल्या ते तिनं शेवटपर्यंत सांगितलंच नाही. पोळ्याला बैल तसेच गेले होते, म्हणजे गेलेच नव्हते, यंदा आमच्या घरून बैल निघाले नाहीत. एवढा विचार केला आणि पायली हातात. अकरा झाल्या होत्या की बारा?

बारा असाव्यात. बाराच होत्या. मला आठवत होतं.

तिच्या रिकाम्या पोत्याकडं पाहिलं. मोजलेल्या धानाचं पोतं उचललं, सगळं परत राशीत ओतलं, खाली बसलो आणि पायली भरली.

लाभ.